हडळीची पाठ

हरेलीला हथखोजमधली आमची शेड बंद असते. काम बंद, पण माणसं येतात. सकाळी ग्राइंडर, गॅस कटर, चेन पुली, पाने, हातोडे सगळं पुसून एका फळीवर मांडतात, कुंकू लावतात, गुळाच्या चील्याचा नैवेद्य दाखवतात, नारळ फोडतात आणि आपापल्या गावाकडे निघून जातात. तिकडे शेतकऱ्यांचे नांगर, कुदळी अशाच धुऊन पुजलेल्या असतात. पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चिखलातून चालत असतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचतात आणि गावचा लोहार चौकटीत एक खिळा ठोकून जातो. डहाळा आणि खिळा कशासाठी, हे इथे कोणाला विचारावं लागत नाही. त्या रात्री टोनही बाहेर पडते, असं मानतात. ती मसणात जाते, अंगावरचे सगळे कपडे उतरवते आणि मंत्र साधते. तिच्या तोंडातून गळणारी लाळ अंधारात दिव्यासारखी चमकते.

आमच्या घरी तीच अमावस्या दिव्यांची. इथल्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. त्यामुळे त्यांची श्रावणातली अमावस्या ही आपली आषाढातली. वडील 1960 नंतर भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, आणि आईने सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आपलं पंचांग तसंच चालू ठेवलं. समया, निरांजनं, कंदील घासून ती पाटावर मांडायची, कणकेचे गोड दिवे उकडायची आणि भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवायची. त्या कागदावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध आणि बृहस्पती, आणि मध्ये मुलांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या दोन बायका, जरा आणि जिवंतिका. यातली जरा ही राक्षसीण. जरासंधाच्या शरीराचे दोन तुकडे जोडणारी ती. आई तिलाही हळदकुंकू लावायची. राक्षसिणीला का, असं मी एकदा विचारलं होतं. "पोरं सांभाळते ती," एवढंच म्हणाली आणि दिव्यात तूप घालायला लागली.

एका भिंतीच्या आत राक्षसिणीला हळदकुंकू आणि त्याच रात्री बाहेर उघड्या बाईची भीती, या दोन्हींच्या मध्ये मी पन्नास वर्षं राहिलो. दोन्ही एकत्र ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. पाहायला लावलं ते दोन गोष्टींनी. एक, लहानपणापासून असलेलं भुतांच्या सिनेमांचं वेड. दुसरी, आमच्या शेडमध्ये झाडलोट करणारी, पाणी भरणारी एक रेजा. तिचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो.

आधी वेडाबद्दल. 1988 साली मी पंधरा वर्षांचा होतो. छत्तीसगड राज्य व्हायला अजून बारा वर्षं होती. रामसे बंधूंचा 'वीराना' आला तेव्हा पोस्टरवर ठळक 'ए' होता आणि आम्हाला तिकीट मिळणार नव्हतं. आमच्यातल्या एकाला मिशी फुटली होती. त्याने चार तिकिटं काढली. टॉकीज खच्चून भरलेलं, सगळे पुरुष. ड्यूटी संपवून थेट आलेले कामगार, जेवणाचा डबा मांडीवर. मला आजही सांगता येईल की चेटकीण पडद्यावर आली तेव्हा त्या काळोखात काय झालं. शिट्ट्या आधी झाल्या. मग न्हाणीघराचा, पाण्याचा प्रसंग सुरू झाला आणि शिट्ट्या थांबल्या. शेकडो माणसं श्वास रोखून बसली. त्यानंतर तिचं खरं रूप पुढे आलं तेव्हा माझ्या शेजारचा मोठा बाप्या 'आई गं' म्हणून ओरडला. हिंदी टॉकीजमध्ये मराठीत ओरडला, म्हणून लक्षात राहिलं.

पुढे कित्येक वर्षं त्या सिनेमाची माझी आठवण एवढीच होती: ओले केस, निळा उजेड, गुडघ्यापर्यंत धुकं आणि नंतर एक भयंकर चेहरा. घरी मी मित्राकडे अभ्यासाला गेलो होतो असं सांगितलं. त्या रात्री झोप लागली नाही ती भीतीने की आणखी कशाने, हे मलाच सांगता आलं नसतं. आपल्या भाषेतही ते वेगळं करता येत नाही. काटा भीतीनेही येतो आणि सुखानेही. शहारा, रोमांच, सगळ्या शब्दांचं तसंच. कातडीला कारण कळत नाही. भयपट बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक असावं.

रामसे हे मूळचे कराचीचे कुटुंब, तिथे त्यांचं रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर मुंबईला आले. बाप आणि सात भाऊ. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करतात तो प्रसंग पाहून लोक घाबरतात आणि त्यासाठी पुन्हा येतात, हे या भावांनी हेरलं. 1972 साली महाबळेश्वरला घरच्याच माणसांना हाताशी घेऊन त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' केला, आणि पुढची वीस वर्षं धंदा चालला. कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी पटकथा, असं सगळं घरातच. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी त्यांना हिशेबात धरलं नाही. त्यांचे प्रेक्षक आमच्यासारख्या गावांत होते.

त्यांच्या सिनेमात नग्नता होती, असं सगळे म्हणतात. मोजायला गेलं तर जवळजवळ नव्हतीच. सेन्सॉरने ठेवू दिली नसती. होतं ते ओलं वस्त्र, वाफ, काचेमागची सावली, बाथटबच्या कडेवरचा हात. उरलेलं आम्ही मनाने पूर्ण करायचो. पुढे व्हिडिओ पार्लरच्या दिवसांत काही ठिकाणी तेही काम माणसांनी हाती घेतलं. सिनेमा चालू असताना मध्येच कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचा तुकडा जोडलेला असायचा. नायिकेने दार लावलं की पुढच्या क्षणी एक वेगळंच शरीर दिसायचं. रंग वेगळा, खोली वेगळी, चेहरा नाही. दोन मिनिटांनी नायिका दार उघडून बाहेर यायची. कोणालाही यात खटकत नव्हतं. ते शरीर कोणाचं, हा प्रश्न त्या खोलीत एकाही डोक्यात नव्हता, माझ्याही.

पण नुसतं आमिष म्हणून हे सिनेमे बाजूला सारता येत नाहीत. 1984 चा 'पुराना मंदिर' घ्या. सामरी नावाच्या सैतानाचं राजा डोकं उडवतो. मरताना तो शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनंतरचा ठाकूर आपल्या मुलीला प्रेम करू देत नाही. वरवर तो सरंजामी बाप, आतून भ्यालेला. मुलीच्या देहाला इच्छा फुटली की तिचं मरण सुरू झालं, असं त्याला दिसतं. रबरी मुखवटा, विनोदाच्या नावाखाली चाललेला धांगडधिंगा, हे सगळं खरवडून काढलं तर खाली हीच गोष्ट उरते. आणि ती खोटी कशी म्हणणार? बाळंतपणात बाई जाणं ही आमच्या आज्ज्यांच्या पिढीत अगदी घरातली गोष्ट होती.

आपली हडळ तिथूनच आली आहे. पोटुशी किंवा ओली बाळंतीण मेली तर ती हडळ होते. अशा बाईला नेताना वाटेवर राळे टाकत जायची रीत होती. परत यायला निघाली तर दाणे वेचत बसेल, तोवर उजाडेल. पाय उलटे. समोरून भरलेली, देखणी. मागून पाहिलं तर पाठ नाहीच, नुसता सांगाडा. माझी आजी सांगायची, म्हणून हडळ कधी पाठ दाखवत नाही. लहानपणी हे ऐकताना मला फक्त भीती वाटायची. आता वाटतं, ज्यांनी ही कल्पना केली त्यांना सगळं माहीत होतं. पुढची बाजू बघणाऱ्याच्या इच्छेने भरलेली. मागची बाजू म्हणजे तिचं स्वतःचं आयुष्य: लवकर लग्न, लागोपाठची पोटं, न मिळालेलं औषध. ते कोणी पाहायचं नाही म्हणून पोकळ. जिवंतपणी जिच्याकडे दुर्लक्ष झालं तीच मेल्यावर पुरुषाच्या वाटेवर उभी राहते.

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (1980) अगदी हाच प्रसंग आहे. हॉटेलच्या 237 क्रमांकाच्या खोलीत न्हाणीतून एक तरुण, पूर्ण नग्न बाई उठते. नायक तिला मिठीत घेतो आणि आरशात त्याला तिची पाठ दिसते, सडलेली. मी तो सिनेमा फार उशिरा, एका मित्राकडच्या सीडीवर पाहिला आणि 'ही तर आमची हडळ' असं मोठ्याने बोललो. तिथे मात्र नग्नतेचा वापर वेगळा होता. कॅमेरा हलत नाही, संगीत चेकाळत नाही, बाई अंगविक्षेप करत नाही. ती फक्त चालत येते आणि आपल्यातला बघणारा पुरुष पुढे सरकतो. भय तिचं नाही, त्या पुढे सरकण्याचं आहे.

त्यानंतर मी असे सिनेमे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हिचकॉकच्या 'सायको'त (1960) शॉवरखालची बाई आपण भोकातून पाहणाऱ्या खुन्याच्या डोळ्याने आधी पाहतो, आणि मग तिला मारणाऱ्याला घाबरतो. म्हणजे पाहण्याचं सुख आणि मारण्याचं पाप यांच्यामध्ये एक पातळ पडदा, तोही प्लास्टिकचा. ब्रायन डी पाल्माच्या 'कॅरी'त (1976) सुरुवातीलाच शाळेतल्या मुलींच्या न्हाणीघराचा प्रसंग येतो. आधी वाफेतला, मंद, लोभस कॅमेरा; मग त्या मुलीला पहिली पाळी येते. तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं. ती घाबरून मदत मागते आणि बाकीच्या हसतात. ज्या प्रेक्षकाने आधीची दोन मिनिटं चवीने पाहिली त्याला तिथे चपराक बसते. नग्नता आमिष असू शकते, लाज असू शकते, अधिकारही असू शकते. चांगला भयपट एकाच प्रसंगात ती एकीतून दुसरीत नेतो. वाईट भयपट आमिषापाशी थांबतो आणि मग त्या बाईलाच शिक्षा करतो.

आता काकी.

ती आमच्याकडे आली तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. ठेकेदाराकडून रेजा म्हणून आली आणि राहिली. एका फिटरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिला ठेवू नका, हिच्या गावात हिला टोनही म्हणून काढली आहे. मी हसलो. मी शिकलेला माणूस, त्यात नागपूरकडचं रक्त, अंधश्रद्धा निर्मूलनाची व्याख्यानं ऐकलेला. तिला ठेवली आणि आपण काहीतरी केलं असं मनात वाटूनही घेतलं.

त्यानंतरच्या वर्षी हरेलीच्या पूजेनंतर सगळे प्रसाद खात बसलेले असताना मी तिला म्हणालो, "काय काकी, आज रात्री जाणार का मग मसणात?" सगळे हसले. माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय होतं ते मला नेमकं आठवतं. निळा उजेड, गुडघ्यापर्यंत धुकं, मोकळे केस. साठीकडे झुकलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात गुडाखू लावणाऱ्या बाईला मी 'वीराना'त नेऊन उभी केली होती. आणि विनोदाच्या आडून, सगळ्यांच्या देखत, तिचे कपडे उतरवले होते.

काकी हसली नाही, रागावलीही नाही. सगळे गेल्यावर ताटल्या घासून ठेवल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन, उभ्यानेच, तिने सांगितलं. छत्तीसगडीत सांगितलं, मी मला जमेल तसं मराठीत सांगतो.

नवरा वारला होता. नावावर थोडी शेती होती आणि थोरल्या दिराला ती हवी होती. गावातल्या एका पोराचा ताप उतरेना. बैगा आला, त्याने तांदळाचे दाणे मांडले आणि बोट हिच्या घराकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास हिला हापशापाशी आणलं. टोनहीच्या अंगावर खूण असते म्हणे. ती पाहायची म्हणून लुगडं सोडलं. ऊन होतं. हापशावर बाया पाण्याला आल्या होत्या. शाळेची मधली सुट्टी झाली होती. एक म्हैस मध्येच आली, तिला कोणीतरी हाकललं. खूण सापडली नाही. तरी मारलं. नंतर भावाने येऊन नेलं. शेत दिराकडे गेलं.

"पोलिसांत?" मी विचारलं. तिने नुसती मान हलवली. मग म्हणाली, "सब झन देखिन, चिन्हिन कोनो नइ." सगळ्यांनी पाहिलं, ओळखलं कोणी नाही. ज्या बायकांची बाळंतपणं तिने काढली होती त्या तिथे होत्या. ज्या पोरांना तिने तेल लावून न्हाऊ घातलं होतं ती पोरं तिथे होती.

छत्तीसगडमध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा 2005 सालीच झाला आहे. एखाद्या बाईला टोनही म्हणून नुसतं ओळखवलं तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र 'कोई नारी टोनही नहीं' म्हणत वर्षानुवर्षं गावोगाव फिरत आहेत. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. काकीवर हे ओढवलं तेव्हा इथला कायदा होऊन काही वर्षं झालेली होती. हापशापर्यंत तो पोचला नव्हता, एवढंच.

अशी बातमी मराठी पेपरात येते तेव्हा शब्द असतो 'विवस्त्र'. विवस्त्र करून धिंड. चित्रांच्या, सिनेमांच्या लेखात शब्द असतो 'नग्नता'. भांडणात आणि शिवीत 'नागडी'. गावाकडची बाई आंघोळीबद्दल बोलताना साधं 'उघडी' म्हणते. शरीर तेच. 'नग्नते'वर चर्चा करता येते, कारण तिच्यात कोणी माणूस नसतं. 'विवस्त्र'मध्ये करणारे असतात, पण व्याकरण त्यांना लपवतं. काकी तिच्या भाषेत 'लुगडं सोडलं' असं म्हणाली नव्हती. 'त्यांनी सोडलं' असं म्हणाली होती, आणि 'त्यांनी' म्हणजे कोण कोण ते एकेक करून सांगितलं होतं.

त्या रात्री मी घरी येऊन 'वीराना' पुन्हा पाहिला. यूट्यूबवर आहे. तिशीनंतर पहिल्यांदाच. आणि मला जे आठवत नव्हतं ते सुरुवातीलाच समोर आलं. निकिता नावाच्या त्या चेटकिणीला पकडतात आणि फाशी देतात. सिनेमा सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. त्यानंतरचा सगळा सिनेमा म्हणजे तिचा आत्मा एका लहान मुलीत शिरतो, ती मुलगी मोठी होऊन पुरुषांना भुलवते, मारते आणि शेवटी सज्जन लोक तिला सोडवतात. माझ्या पंधराव्या वर्षाच्या डोक्याने न्हाणीघर ठेवून घेतलं होतं आणि फाशी पुसून टाकली होती. आमच्या वर्तमानपत्रातली बातमी जिथे संपते तिथे हा सिनेमा सुरू होतो, आणि तो जमावाच्या बाजूने सुरू होतो. बाई खरोखरच चेटकीण निघाल्यावर जमावाला कशाचीच भीती राहत नाही.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिलाही भयपटांचं वेड आहे; हे माझ्याकडूनच गेलं. मागच्या दिवाळीत तिने मला ॲरी ॲस्टरचा 'हेरेडिटरी' (2018) दाखवला. शेवटी काळोखातून नागवी माणसं पुढे येतात. म्हातारी, सुरकुतलेली, पोट सुटलेली, आपल्याकडे पाहून हसणारी. मी अस्वस्थ झालो आणि म्हणालो, "हे काय बघवत नाही." ती म्हणाली, "बाबा, सुंदर नाहीत म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. त्या देहांकडे पाहताना माझ्यातला बघणारा कामाशिवाय उभा होता. शिवाय इथे नागडा होता तो जमाव. एकट्या पोराला घेरणारे. हापशावर जे कपडे घालून उभे होते त्यांना कोणीतरी शेवटी उघडं करून दाखवलं होतं.

आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत हडळीला पाठ फुटू लागली आहे. विशाल फुरियाचा 'लपाछपी' उसाच्या फडात घडतो. एक गरोदर बाई, आणि मुली नको असलेल्या घराने मारून टाकलेली लेकरं. त्यात अंग दाखवणारा प्रसंग नाही, पण सगळा सिनेमा एका देहावर हक्क कोणाचा याच प्रश्नाचा आहे. पोटुशी बाई ही आपल्या भुतकथांची सर्वांत जुनी नायिका. इथे पहिल्यांदा ती कॅमेऱ्याच्या या बाजूला आहे. अन्विता दत्तचा 'बुलबुल' (2020) उलट्या पायांच्या चुडैलीचा, आणि पाय उलटे कसे झाले ते तो सांगतो. त्यातला अत्याचाराचा प्रसंग मला सहन झाला नाही. तो कोणाला गोड वाटू नये अशाच बेताने घेतला आहे, तरी इतक्या वेळ दाखवावा का, यावर माझं आणि मुलीचं भांडण झालं. ती म्हणते, दाखवलं नाही तर लोक विसरतात. मी म्हणतो, दाखवलं तरी विसरतात, मीच उदाहरण आहे. 'तुंबाड'मध्ये (2018) तर एक अख्खं गर्भाशय भय म्हणून उभं आहे, लाल, ओलं, धडधडणारं. त्यात उतरणारे पुरुष सोन्याच्या मुद्रांसाठी उतरतात. देवीच्या पोटात शिरून चोरी करणारे आणि हडळीची पाठ न पाहणारे मला एकाच गावचे वाटतात.

म्हणजे नग्नता आणि वासना भयपटातून काढून टाका, असं मला म्हणायचं नाही. काढली तर भयपटाकडे फार थोडं उरेल, कारण भीतीचं मूळ तिथेच आहे: देह, त्याची इच्छा, त्यातून येणारं मूल, त्यातून येणारं मरण. सोवळा भयपट खोटारडा असतो. मला एवढंच कळलं आहे की देह पडद्यावर आला की पाहायला लागायचं ते त्या देहाच्या आजूबाजूला. उजेड कोणी लावला आहे? गर्दीत कोण उभं आहे? फाशी आधी झाली की नंतर? आणि तो देह पाठ वळवतो तेव्हा कॅमेरा तिथे थांबतो का?

काकीची मी माफी मागितली. कशी मागितली ते सांगण्यासारखं नाही. बराच वेळ अडखळत होतो आणि ती मध्येच चहा टाकायला निघून गेली. हे लिहायच्या आधी तिला विचारलं. म्हणाली, लिही, पण गावाचं नाव घालू नको, भावाची पोरं अजून तिकडे जातात.

यंदाच्या हरेलीला शेडच्या दारावर डहाळा तिनेच खोचला. शिडी मी धरली होती. आई गेल्यापासून जिवतीचा कागद मी शेडमधल्या टेबलामागेच लावतो. तोही त्याच सकाळी लावला होता. काकी बोट दाखवून म्हणाली, ही कोण. मी सांगितलं, राक्षसीण आहे, पोरं सांभाळते. तिने जवळ जाऊन पाहिलं आणि पूजेचं उरलेलं कुंकू तिला लावलं. मग मी विचारलं की तुला स्वतःला टोनही पटत नाही, तर हा कडुलिंब कशाला?

"टोनही बर नोहे, भैया," ती म्हणाली. "मनखे मन बर."

टोनहीसाठी नाही. माणसांसाठी.